उंदेरी : विस्मृतीतील जलदुर्ग

पनवेलहून निघून थळच्या किनाऱ्यावरून आम्ही होडीने उंदेरीस पोहोचलो. बेटावर मनुष्यवस्ती नाही. आहेत ते ढासळते बुरूज, गंजलेल्या तोफा आणि पाण्याची टाकी. १६७९ साली शिवरायांच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी समोरच्या खांदेरी बेटावर तटबंदीचे काम आरंभिले. मुंबईच्या तोंडाशी उभे राहणारे हे ठाणे इंग्रजांना व सिद्दीला खुपले. त्यांनी हल्ले केले, परंतु मराठे हटले नाहीत. तेव्हा १६८०च्या जानेवारीत सिद्दी कासमने उंदेरी व्यापून तेथे तट उभारला. शेजारची बेटे अशी वैरी झाली! पुढे १७६० साली उंदेरीही मराठ्यांकडे आली.

२०२५ मध्ये युनेस्कोने खांदेरीस जागतिक वारशात स्थान दिले. उंदेरी मात्र यादीबाहेरच राहिली. वाचकहो, एकीवाचून दुसरीचा इतिहास अपुराच आहे. मुलांना खांदेरी दाखवाल, तेव्हा उंदेरीचीही कथा अवश्य सांगा.