जुना ट्रक, नवा गियरबॉक्स

जुन्या वाड्याचा एक खांब बदलतांना साऱ्या छपराचा विचार करावा लागतो. यंत्राचेंही तसेंच आहे. १९४७ सालीं अमेरिकेंत शेव्हरोलेनें नव्या घडणीचे पिकअप ट्रक काढले. त्यांतील अर्ध्या टनी गाडीस बहुधा तीन गियर असत. गियरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचा फिरता दांडा बंद नळींत असे, व अ‍ॅक्सलवर येणारा पीळ ती नळीच सोशी. १९५५ सालीं ही नळी गेली, दांडा उघडा झाला. म्हणून पुढील काळांतील मोटारीचा चार-पांच गियरांचा गियरबॉक्स अशा ट्रकांत बसवावयाचा, तर बहुधा मागचा अ‍ॅक्सलही बदलावा लागतो. गाडी रस्त्यावर सुखानें धांवते. परंतु मूळ रचना नाहींशी होते. तेव्हां काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवावा. सुधारणा करावी, पण मागें परतण्याची वाट मोडूं नये.