सबब

जुन्या दरबारी कागदांत ‘सबब’ हा शब्द वारंवार आढळतो. तेथे त्याचा अर्थ ‘या कारणास्तव’ असा सरळ आहे. बोलण्यात मात्र तोच शब्द ‘निमित्त’, ‘पळवाट’ या अर्थी रूढ झाला. कारण आणि पळवाट एकाच शब्दात नांदावीत, यातच मनुष्यस्वभावाचे मर्म आहे. पवारांच्या गाद्यांचा इतिहास त्याची साक्ष देतो.

१८५७ साली धारच्या गादीवर १३ वर्षांचे आनंदराव होते. अरब-अफगाण शिबंदीने किल्ला बळकावला. इंग्रजी फौजेने ऑक्टोबरात वेढा घालून तो घेतला आणि संस्थान जप्त झाले. राजा अज्ञान होता, शिबंदी अनावर झाली होती. ही कारणे खोटी नव्हती. १८६० मध्ये संस्थान परत मिळाले, बेरसिया परगणा मात्र गेला. तथापि ती शिबंदी चाकरीस ठेवली होती दरबारनेच. राजाच्या बालवयाने कारभाऱ्यांचा दोष झाकत नाही.

देवास थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव यांचे प्रकरण अधिक बोलके आहे. १९२१ मध्ये इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर त्यांचे खासगी चिटणीस होते. पुढे संस्थान कर्जात बुडाले. १९३३ च्या अखेरीस महाराज फ्रेंचांच्या पाँडिचेरीस निघून गेले व १९३७ मध्ये तेथेच निवर्तले. फॉर्स्टर यांनी १९५३ च्या ‘द हिल ऑफ देवी’मध्ये त्यांची बाजू जिव्हाळ्याने मांडली, सरकारच्या रुक्ष वागणुकीला दोष दिला. पण अपुऱ्या नव्या राजवाड्याचे आणि विस्कटलेल्या कारभाराचे चित्रही त्यांनीच रेखाटले. सबब सांगण्यास नेहमी अपराधीच लागतो असे नाही. माया करणाराही ती सांगतो.

आम्हीही मायेपोटी हेच करीत आलो. १९४८ मध्ये संस्थाने विलीन झाली, वतने गेली, भोवताली हिंदी. म्हणून घरातली मराठी क्षीण झाली, असे आम्ही म्हणतो. यातले प्रत्येक कारण खरे आहे. पण नातवंडांशी जेवताना मराठी बोलू नये, असा हुकूम कोणत्याही सरकारने काढला नव्हता. माळ्यावरची मोडी दप्तरे वाळवीने खाल्ली, हे खरे; ती वर्षानुवर्षे सोडली नाहीत, हेही तितकेच खरे.

पूर्वजांचा न्याय करण्याचा अधिकार आम्हांस असेल वा नसेल. आपल्या घरची सबब कारण आहे की पळवाट, एवढे मात्र आम्हीच पारखले पाहिजे.