पवईचा चिलापी आणि त्याचें दूरचें गोत

पवईच्या तलावांत गळाला लागणारा चिलापी आमच्या उपनगरांतील पुष्कळांस घरचाच मासा वाटतो. वस्तुतः तो या भूमीचा नव्हे. तो जातीनें मोझांबिककडचा. १९५२ सालीं तेव्हांच्या सिलोनमधून तो भारतांत आणला गेला. तलावहि मनुष्यनिर्मित, १८९१ सालचा.

तथापि या पाहुण्याचें गोत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पूर्वींपासूनच नांदत होतें, हें थोड्यांसच ठाऊक असेल. गोमंतकांतील नद्यांत व खाड्यांत मिळणारा काळुंदर हा त्याच सिक्लिड कुळांतला. जर्मन शास्त्रज्ञ ब्लॉख यानें १७९० सालीं त्याचें शास्त्रीय नांव ठेवितांना त्यांत सुरत शहर गोंविलें. नाकाच्या प्रत्येक बाजूस एकच छिद्र, घशांत जबड्यांची दुसरी जोडी आणि अपत्यरक्षणाची वृत्ति, हीं कुललक्षणें दोहोंतहि आढळतात. चिलापीची मादी अंडीं तोंडांत सांभाळते. काळुंदराचें जोडपें तीं दगडास चिकटवून राखतें.

आश्चर्य असें कीं, काळुंदराचे भारताबाहेरील सर्वांत जवळचे भाऊबंद आफ्रिकेंत नसून मादागास्कर बेटांत आहेत. सुमारें ८ कोटी ८० लक्ष वर्षांपूर्वीं भारतभूमि मादागास्करपासून विलग झाली. बोरिवली-अंधेरीच्या टेकड्या ज्या लाव्ह्याच्या बनल्या, तो त्या वेळीं अद्याप वाहावयाचा होता! या वाटणीनेंच एका कुळाच्या दोन शाखा झाल्या, असें अनुमान सहज सुचतें.

परंतु या कुळाचे आजवर सांपडलेले सर्वांत जुने अवशेष टांझानियांतील असून ते सुमारें ४ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींचेच आहेत. म्हणून कित्येक पंडित म्हणतात कीं, भूखंडें दुरावल्यानंतर हे मासे समुद्र ओलांडून पसरले. काळुंदर मचूळ पाण्यांतहि राहतो, ही गोष्ट त्यांच्या मतास पोषक आहे. उलट पक्षाचें म्हणणें असें कीं, अवशेष न सांपडणें म्हणजे पूर्वज नसणें नव्हे. नात्यांची मांडणी भूखंडांच्या विभागणीशीं जुळते, म्हणून आम्हांस हा दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो; पण वाद मिटला, असें म्हणवत नाहीं.

तें कसेंहि असो. निसर्गानें कोट्यवधि वर्षें दूर ठेविलेल्या या भाऊबंदांस मनुष्यानें एका आयातीनें एका देशांत आणलें. चिलापी झपाट्यानें वाढतो आणि देशी माशांचें अन्न व जागा बळकावतो, असा अनेक तलावांचा अनुभव आहे. नवा जीव पाण्यांत सोडण्यापूर्वीं त्या पाण्यांत आधीं कोण राहतें, याची चौकशी करण्याइतका धीर आपण धरावयास हवा होता.