आजोबांची सायकल आणि साडेसहा मिलिमीटर

लातूरच्या घरी आजोबांची काळी लोखंडी सायकल उभी होती. मी ठरवलं, हिला ॲल्युमिनियमची हलकी चाकं टाकू. नांदेडहून ७००सी आणली. दोन्ही '२८ इंची'च ना! कशीबशी बसली, पण ब्रेक रिमला लागेनात.

कारण जुनं आहे. फ्रेंच पद्धतीत ७०० म्हणजे टायरसकट चाकाचा अंदाजे व्यास, मिलिमीटरमध्ये. ए, बी, सी ही अक्षरं मुळात टायरच्या जाडीची. टायर जाड, तर रिम लहान. आपली २८ इंची म्हणजे ७००बी, रिम ६३५. रोड बाईकची ७००सी, रिम ६२२. फरक १३ मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेसहा. वर रॉड ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या बाजूला दाबतात. नव्या रिमला ती जागाच नसते, तिचा ब्रेक बाजूने लागतो.

मिस्त्री म्हणाले, "दादा, चाक बदललं की ब्रेक बदला, ब्रेक बदलला की सायकलच बदलते."

शेवटी जुन्याच रिमा ठेवल्या. पुढच्या ३२, मागच्या ४० तारा नव्या टाकल्या, आऊट काढला. वजन तेवढंच राहिलं. पण आजोबा गल्लीत एक चक्कर मारून आले, आणि उतारावर ब्रेक लागला.

भेटू पुढच्या भागात.