पपनसाचं सरबत आणि नववी आज्ञा



आज बडोद्याची एक जुनी गोष्ट, आणि तिच्यासोबत माझी एक कबुली.

मी मिशनच्या शाळेत शिकलो. तिथे भिंतीवर दहा आज्ञांचा तक्ता असे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही त्यातली नववी (कॅथलिक मोजणीत आठवी). आम्हाला वाटायचं, 'खोटं बोलू नका' एवढाच अर्थ. पुढे कळलं, ही मुळात न्यायनिवाड्यातली आज्ञा. जुन्या इस्राएलात वडीलधारे वेशीत न्यायाला बसत, आणि माणसाचा जीव साक्षीदाराच्या जिभेवर टांगलेला असे. म्हणून मोशेच्या नियमशास्त्रात एकट्याच्या साक्षीवर कुणाला दोषी धरत नसत. साक्ष खोटी ठरली, तर आरोपीला व्हायची ती शिक्षा साक्षीदाराला!

हे वाचलं आणि मला आपले मल्हारराव गायकवाड आठवले.

९ नोव्हेंबर १८७४. रेसिडेंट कर्नल फेअर यांनी पपनसाचं सरबत थोडं पिऊन बाकीचं फेकलं, तर पेल्याच्या तळाशी गाळ. सोमल आणि हिऱ्याची पूड, असं सांगण्यात आलं. आळ महाराजांवर. जानेवारीत अटक, आणि २३ फेब्रुवारी १८७५ पासून सहा जणांच्या कमिशनपुढे चौकशी. तीन इंग्रज, शिवाय ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंग आणि सर दिनकरराव. इंग्रजांपैकी मीड साहेबांनी आधीच बडोद्याच्या कारभाराची एक चौकशी करून प्रतिकूल अहवाल दिलेला.

सगळी मदार साक्षीदारांवर. रेसिडेन्सीचा रावजी हवालदार आणि महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत, दोघेही माफीचे साक्षीदार. रावजीच्या पट्ट्यात विषाची पुडी सापडली, तीही कित्येक आठवड्यांनी. महाराजांचे विलायतेहून आलेले वकील बॅलंटाईन यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं: जीव वाचवायला बोलणाऱ्याचा भरवसा किती?

निकाल तीन विरुद्ध तीन. इंग्रजांच्या मते दोषी, आपल्या तिघांच्या मते आरोप सिद्ध नाही. तरी एप्रिलात महाराज पदच्युत झाले. जाहीरनाम्यात कारण दिलं ते गैरकारभाराचं. रवानगी मद्रासला, १८८२ साली तिथेच वारले.

मल्हारराव साधुसंत नव्हते. रयत पिळली, सोन्याच्या तोफा ओतल्या, हे खरंच. पण गैरकारभार वेगळा आणि विषप्रयोग वेगळा. वाईट माणसावरही खोटा आळ नको, तिथेच तर त्या आज्ञेची खरी कसोटी.

आता कबुली. "मल्हाररावानं साहेबाला हिरे पाजले गं बाई!" असं आमची आजी रंगवून सांगायची. तेच मी पुढे चाळीस वर्षं राजवाडा बघायला आलेल्या पाहुण्यांना ठोकून सांगत आलो. ना मी पाहिलं, ना आजीनं. मग का सांगितलं? विचार केला तेव्हा जरा लाजच वाटली. मल्हारराव गेले म्हणून सयाजीराव आले, आणि त्यांच्या शाळा, ग्रंथालयं, नोकऱ्यांवर आमच्यासारखी घरं उभी राहिली. तो आळ आम्हाला सोयीचा होता.

महाराज निर्दोष होते, असंही मी शपथेवर सांगणार नाही. सिद्ध झालं नाही, एवढंच खरं. यापुढे पाहुण्यांना तेवढंच सांगेन.

तुमच्या घरी ही गोष्ट कशी सांगायचे? नक्की लिहा.