पदवीचा खर्च नेमका कोण भरतो?

पदवी म्हणजे काय? वर्गातल्या बाकावर काढलेली चार वर्षं, की हाताला आणि डोक्याला आलेली ताकद? हा वाद अमेरिकेत शंभर वर्षं चाललाय. त्यात सरकारचा पैसा किती गेला, कुणाच्या घशात गेला, गरिबाच्या पदरात काय पडलं, हे आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यायला हवं. कारण तोच माल नव्या वेष्टनात आपल्या दारात येऊन उभा आहे.

आपला प्रश्न म्हणून बघा. चामडं कमावणाऱ्याला चुना किती, साल किती, पाणी किती हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. ते रसायनशास्त्रच. पण त्याला कुणी केमिस्ट म्हटलं नाही. गवंड्याच्या हाताखाली राबणारी बाई भिंत ओळंब्यात आहे की नाही हे नजरेनं सांगते. तिला कुणी इंजिनियर म्हटलं नाही. ज्ञान आपलं, कागद त्यांचा. तेव्हा 'वेळ मोजू नका, येतं काय ते मोजा' असं कुणी म्हणालं की आपले कान टवकारणारच. टवकारावेतही. पण हिशोब बघून.

आधी हे तासांचं खूळ आलं कुठून ते बघू. १९०५ साली पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीनं कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या पेन्शनीसाठी एक कोट डॉलर दिले. पेन्शन कुठल्या कॉलेजला द्यायची हे ठरवायचं, तर खरं कॉलेज कुठलं हे ठरवणं आलं. त्यासाठी विद्यार्थी शाळेत किती तास शिकून आला याचं माप काढलं. त्याला 'कार्नेगी युनिट' म्हणू लागले. १९१० साली मॉरिस कुक नावाच्या इंजिनियरनं कॉलेजं कारखान्यासारखी तपासली आणि विद्यार्थी-तासाचं माप पुढं केलं. म्हणजे ज्या मापानं आज पदवी मोजली जाते ते शिकण्यासाठी जन्मलंच नव्हतं. ते जन्मलं पेन्शनीसाठी आणि कारखानदारी हिशोबासाठी. पुढं सरकारी मदतही त्याच तासांवर मिळू लागली.

आता सरकारी पैशाकडं या. १८६२ च्या मॉरिल कायद्यानं राज्यांना कॉलेजांसाठी जमीन मिळाली. ती जमीन मूळनिवासी इंडियनांकडून हिसकावलेली. त्या कॉलेजांत दक्षिणेतल्या काळ्या पोरांना दार बंद. म्हणून १८९० साली दुसरा कायदा झाला : काळ्यांना घ्या, नाहीतर त्यांची वेगळी कॉलेजं काढा. राज्यांनी वेगळी काढली आणि मग उपाशी ठेवली. २०२३ साली केंद्राच्या शिक्षणमंत्र्यांनी आणि शेतीमंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहून आकडा सांगितला. गेल्या सुमारे तीस वर्षांत या काळ्या कॉलेजांचे १२ अब्ज डॉलरहून जास्त पैसे राज्यांनी दिलेच नाहीत. तेव्हा 'सार्वजनिक खर्च' हा शब्द ऐकला की दोन खर्च मोजा. एक जो झाला तो, आणि दुसरा जो व्हायला हवा होता पण केला नाही तो. दुसऱ्याची पावती कुणीच फाडत नाही.

१९४४ साली युद्धावरनं परतलेल्या सैनिकांसाठी जी. आय. बिल आलं. पैसा विद्यार्थ्याच्या मागं जाणार, कॉलेज त्यानं निवडायचं. लगेच गल्लोगल्ली धंदेवाईक शाळा उगवल्या. पाटी लावली, सैनिक गोळा केले, सरकारी बिल वसूल. शेवटी १९५२ साली नियम करावा लागला : ८५ टक्क्यांहून जास्त विद्यार्थी सरकारी पैशावरचे असतील तर नवे सैनिक तिथं पाठवायचे नाहीत. निदान पंधरा जण तरी स्वतःच्या खिशातून पैसे देऊन यायला हवेत. हा धडा लक्षात ठेवा. पैसा विद्यार्थ्याच्या मागं सोडला की त्या विद्यार्थ्याच्या मागं लांडगे लागतात.

आता मूळ गोष्ट. १९९५ च्या सुमारास पश्चिमेकडच्या राज्यांचे गव्हर्नर एकत्र बसले. युटाचा माइक लेविट, कोलोरॅडोचा रॉय रोमर हे पुढारी. लोकसंख्या वाढतेय, नवी कॉलेजं बांधायला पैसा नको, मग काय? १९९७ साली १९ गव्हर्नरांनी मिळून वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी काढली. वर्ग नाही, तास नाही. विषय येतो हे परीक्षेत आणि कामात दाखवा, पुढं जा. फी सहा महिन्यांची ठोक. तेवढ्यात दोन विषय करा नाहीतर दहा करा. अशी पदवी देण्याला क्षमतेवर आधारलेलं शिक्षण म्हणतात. २०११ च्या सुमारास बहुतेक अभ्यासक्रमांची सहामाही फी तीन हजार डॉलरच्या आसपास होती. अमेरिकेच्या मानानं स्वस्तच. दिवसभर नोकरी करून, पोरं सांभाळून शिकणाऱ्या बाईला हे दार खरंच उपयोगाचं झालं. ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण राज्यांना यात गोडी वेगळ्याच कारणानं होती. २०१० साली इंडियानाचा गव्हर्नर मिच डॅनियल्स यानं एका हुकुमानं या विद्यापीठाची इंडियाना शाखा काढली आणि तिला राज्याचं आठवं विद्यापीठ म्हणवलं. इमारत नाही, कायम प्राध्यापकांचा पगार नाही, राज्याकडून थेट अनुदान नाही. मात्र राज्याची विद्यार्थी-अनुदानं तिथं चालतील. पुढच्या वर्षी टेक्सासनं असाच हुकूम काढला, वॉशिंग्टन राज्यानं कायदा केला. सगळे एका सुरात म्हणाले : 'सरकारला एक दमडी खर्च नाही.'

इथं थांबा. दमडी खर्च नाही हे खरं आहे का?

वॉशिंग्टन राज्यात गरजू विद्यार्थ्यांसाठी राज्याचं अनुदान होतं. पण गंगाजळी ठरलेली. त्या दशकात हजारो विद्यार्थी असे असायचे की पात्र आहेत, अर्ज बरोबर आहे, पैसे मात्र संपले. आता नव्या विद्यापीठाचे विद्यार्थी याच अनुदानाला पात्र करा, अशी मागणी झाली. मागणीत चूक काय? तेही गरीबच. पण गंगाजळी तेवढीच ठेवून रांग लांब केली, तर सरकारचा खर्च कागदावर शून्य वाढतो. खर्च भरतो तो रांगेतून बाहेर ढकललेला दुसरा गरीब. एका ताटात दोघं बसवायचे आणि वर म्हणायचं, बघा, भाकरी वाढवावी लागली नाही! आरक्षणाच्या आणि शिष्यवृत्तीच्या वादात आपल्यात आपल्यातच भांडणं लावतात, त्याची जात हीच.

यातून वाट निघाली ती २०१९ साली. वॉशिंग्टननं कायदा करून ते अनुदान २०२०-२१ पासून हक्काचं केलं. जो पात्र, त्याला मिळणारच. पैसा कुठून? ज्या धंद्यांना शिकलेली माणसं लागतात त्यांच्यावर जादा कर बसवला, बड्या संगणक कंपन्यांवर जास्त. ताट वाटून घेण्याऐवजी भाकरी वाढवली.

आता दुसरा हिशोब. विद्यार्थ्यामागे खर्च आणि पदवीमागे खर्च या दोन वेगळ्या गोष्टी. समजा एका कॉलेजात सरकार वर्षाला माणशी १० हजार देतं. शंभर जण चार वर्षं शिकले, साठ पास झाले. खर्च ४० लाख, पदवीमागे सुमारे ६७ हजार. दुसरं 'स्वस्त' कॉलेज. वर्षाला माणशी ५ हजार. शंभर जण चार वर्षं लटकले, वीस पास झाले. खर्च २० लाख, पदवीमागे एक लाख. वरनं निम्मा, आतनं दीडपट. आणि उरलेले ऐंशी? त्यांच्या आयुष्याची चार वर्षं कुठल्याच अंदाजपत्रकात नाहीत.

ही नुसती कागदावरची गणितं नव्हेत. कॅलिफोर्नियानं २०१८ साली गव्हर्नर जेरी ब्राउनच्या आग्रहानं कॅलब्राइट नावाचं सरकारी कॉलेज काढलं. इथं पदवी नाही, प्रमाणपत्रं. पण पद्धत तीच, क्षमतेची. ज्यांचं शिक्षण अर्धवट राहिलं त्या कामकऱ्यांसाठी, फुकट. पहिल्या सात वर्षांसाठी १० कोटी डॉलर आणि शिवाय दरसाल २ कोटी. २०२१ साली राज्याच्या हिशोबतपासनीसानं अहवाल दिला : पहिल्या वर्षी आलेल्या ९०४ विद्यार्थ्यांपैकी ३८४ गळाले, पास झाले १२. बारा! विधानसभेनं कॉलेज बंद करायचं ठरवलं, सिनेटमध्ये ते अडलं, कॉलेज टिकलं. दार उघडलं, पण दारातून आत आणायला माणूस नाही ठेवला, तर हे असं होतं.

आणि हे घडलं ते कुठल्या व्यवस्थेत? कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांच्या. त्याच व्यवस्थेतल्या ओकलंडच्या कॉलेजात, ज्याला पुढं मेरिट कॉलेज म्हणू लागले, ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील भेटले आणि १९६६ साली ब्लॅक पँथर उभी राहिली. १९७२ साली मुंबईत दलित पँथरनं आपलं नाव तिथूनच घेतलं. त्या काळी या कॉलेजांना फी नव्हती. १९८४ साली पहिल्यांदा बसवली. फीमाफीच्या काळात त्या कॉलेजानं पोरांना नुसती कौशल्यं नाही दिली. एकत्र बसायला जागा दिली, वाद घालायला सोबती दिले. घरी एकट्यानं पडद्यासमोर बसून परीक्षा पास होता येते. संघटना उभी करता येत नाही. हा खर्च कुठल्या रकान्यात मांडायचा?

शिक्षकाचाच प्रश्न पुढं कायद्यातही आला. अमेरिकेत केंद्राची मदत मिळायची तर शिक्षक आणि विद्यार्थी यांचा नियमित, भरीव संपर्क हवा, नाहीतर तो टपाली अभ्यासक्रम. २०१७ साली केंद्राच्या शिक्षणखात्याच्या महानिरीक्षकांनी वेस्टर्न गव्हर्नर्सचे १०२ अभ्यासक्रम तपासले. त्यांतल्या ६९ अभ्यासक्रमांत असा संपर्क नाही म्हणाले, आणि ७१ कोटी ३० लाख डॉलर परत घ्या अशी शिफारस केली. २०१९ च्या जानेवारीत खात्यानंच निर्णय दिला : नियम संदिग्ध होता, विद्यापीठ प्रामाणिकपणे वागलं, पैसे परत नकोत. कोण बरोबर हा वाद बाजूला ठेवा. वर्षानुवर्षं सरकार पैसे देत होतं, आणि कशासाठी देतो हेच नक्की लिहिलेलं नव्हतं.

नफेखोरांची गोष्ट तर उघडीच आहे. कोरिंथियन नावाची कॉलेजांची साखळी २०१५ साली बुडाली. तिथं तासांवरच्या पदव्या होत्या, क्षमतेच्या नव्हे. तेव्हा पापाचा धनी एकटी नवी पद्धत नाही. गरीब, काळ्या, एकट्या बायांना नोकरीची खोटी आश्वासनं देऊन भरती केली होती. २०२२ साली सरकारनं सुमारे ५ लाख ६० हजार माणसांचं ५.८ अब्ज डॉलरचं कर्ज माफ केलं. माफी बरोबरच होती. पण पैसा गेला जनतेचा, आणि मालक कधीच नफा घेऊन गेले होते.

आता आपल्या दारात. २०२० चं शैक्षणिक धोरण आलं, २०२१ ला क्रेडिटची बँक आली, २०२३ ला कामाचा अनुभवही क्रेडिटमध्ये मोजायचा आराखडा आला. शब्द गोड आहेत. कामाला मान मिळणार असेल तर आपण पहिले टाळ्या वाजवू. पण बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या महिना साडेअकरा पौंडांवर. करार दहा वर्षांच्या नोकरीचा. मुदत संपली तसं १९१७ साली लंडनचं शिक्षण अर्धं टाकून परतावं लागलं. अनुदान म्हणजे नुसता पैसा नव्हे. त्याची मुदत, अट आणि मालक तिघंही आपल्याबरोबर येतात, हे त्यांनी अंगावर काढलं.

तेव्हा मित्रांनो, वस्तीत कुणी 'अनुभवावर पदवी' घेऊन आलं तर हाकलू नका. बसवा, चहा द्या, आणि विचारा. गेल्या वर्षी किती भरती झाले, किती पास झाले? शिष्यवृत्तीची गंगाजळी वाढली, की रांगच वाढली? शिकवायला माणूस कोण, आठवड्यातून किती वेळा भेटतो? ही पदवी भरतीच्या जाहिरातीत चालते का, ते लेखी द्या. कॉलेज बुडालं तर पोराची फी आणि वर्ष कोण भरून देणार? आणि शेवटचं : साहेबाचा पोरगा याच पदवीला बसतो का, की त्याच्यासाठी इमारत, ग्रंथालय आणि प्राध्यापक, आणि आमच्यासाठी नुसता पडदा?

उत्तरं वहीत लिहून घ्या, तारीख घाला, समाजकल्याणच्या कचेरीत अर्ज टाका आणि पोच घ्यायला विसरू नका.