बंदुकीचा दस्ता : श्रीरंगपट्टणच्या कारखान्यापासून थंबहोलपर्यंत

बंदुकीच्या इतिहासात नळी, बार आणि चाप यांची चर्चा भरपूर होते. लाकडी दस्त्याची क्वचितच होते. वास्तविक हाताचा, गालाचा आणि खांद्याचा संबंध येतो तो दस्त्याशीच. शिवाय नळी पिढ्यान्‌पिढ्या टिकते, तर दस्ता ओलाव्याने फुगतो, तडकतो, त्याला वाळवी लागते. तो बदलला की एकाच बंदुकीत दोन काळ एकत्र येतात. म्हणूनच दस्त्याचा आकार हा इतिहासाचा पुरावा ठरतो आणि तो तपासूनही घ्यावा लागतो. म्हैसूरजवळच्या श्रीरंगपट्टणचे उदाहरण घेऊन हे पाहू.

सरळ दस्ता, वाकडा दस्ता

दख्खनमध्ये दीर्घकाळ तोड्याची बंदूक चालत असे. पेटत्या जामगीने तिचा बार उडे. तिचा दस्ता बहुधा सडपातळ आणि जवळजवळ सरळ असे. युरोपीय चकमकीच्या बंदुकीचा दस्ता मनगटाच्या जागी खाली वळतो आणि मागे रुंद होतो. रुंद टोक खांद्याला टेकते, गाल लाकडावर विसावतो आणि डोळा नळीच्या रेषेत येतो.

टिपू सुलतानाच्या (कारकीर्द १७८२–१७९९) कारखान्यांत हा बदल स्पष्ट दिसतो. त्याने १७८७ मध्ये फ्रान्सच्या दरबारी पाठवलेल्या वकिलातीबरोबर तिकडचे कारागीरही म्हैसूरला आले. श्रीरंगपट्टणच्या उत्तम बंदुकांत चकमकीची युरोपीय रचना आहे, पण घोड्याला वाघाच्या मुखाचा आकार आहे आणि सजावटीत वाघाच्या पट्ट्यांची नक्षी, म्हणजे ‘बबरी’, आहे. काहींवर टिपूच्या मौलूदी सनाचे वर्ष कोरलेले असून त्यातील अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे असतात. तंत्र बाहेरून आले, पण ओळख म्हैसूरचीच राहिली.

थंबहोल दस्ता

हीच प्रक्रिया आधुनिक काळातही चालू राहिली. शिकारी रायफलीचा मूळ दस्ता काढून मालकाच्या हाताच्या मापाचा नवा दस्ता बसवण्याची पद्धत जगभर आहे. थंबहोल दस्त्यात मनगटाजवळ आरपार भोक असते आणि त्यातून अंगठा जातो. त्यामुळे पंजा अधिक उभा राहतो आणि चापावरचे बोट सरळ मागे येते. गालाखालचे लाकूड उंच ठेवता येत असल्याने दुर्बिणीतून नेम धरणे सोपे जाते. तोटेही आहेत. उजव्या हातासाठी केलेला दस्ता डावखुऱ्याला गैरसोयीचा ठरतो, भोकापाशी लाकूड कमजोर होते आणि खटका ओढताना अंगठा प्रत्येक वेळी बाहेर काढावा लागतो. धातूचा भाग लाकडात घट्ट बसला नाही तर नेमही बदलतो.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीला जवळजवळ पूर्ण बंदी आली. अंगठ्याच्या भोकाचे दस्ते आज आपल्याला दिसतात ते मुख्यतः नेमबाजीच्या क्रीडांगणावर. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि स्वप्निल कुसाळे यांच्या ५० मीटर रायफल प्रकारात खेळाडूच्या अंगाला जुळवून घेता येणारा दस्ता वापरतात. तसेच १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदुकांची दुरुस्ती आणि रूपांतर करण्यासाठी परवाना लागतो.

पुरावा कसा वाचावा?

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपूची अनेक शस्त्रे लुटीतून ब्रिटनला गेली. अशी बंदूक संग्रहालयात पाहताना नळीवरचा सन पाहून थांबू नये. तो सन नळीचा असतो. दस्ता नंतरचा असू शकतो. नळी खाचेत नेमकी बसते का, लाकडाची झीज धातूच्या झिजेशी जुळते का, जुन्या खिळ्यांची भोके बुजवली आहेत का, हे तपासावे. दस्ता बदललेला आढळला तर वस्तू निरुपयोगी ठरत नाही. ती नंतर कोणी आणि कशासाठी वापरली, हा नवा प्रश्न ती आपल्यापुढे ठेवते.

विचारासाठी प्रश्न : बदललेला दस्ता काढून बंदूक ‘मूळ रूपात’ आणणे इतिहासाच्या दृष्टीने योग्य ठरेल का? कारणे द्या.